गिरणीची पाळी आणि तळलेली तुकडी

मालवणी किंवा गोमंतकी म्हणवणाऱ्या कुठल्याही खानावळीच्या फलकावर आज ‘रवा फ्राय’ असतेच. मीठ-हळद-मसाला लावून, रव्यात घोळवून, तव्यावर दोन्ही अंगांनी खरपूस केलेली पापलेटाची, सुरमईची नाहीतर रावसाची तुकडी हा कोकणी जेवणाचा आद्य पदार्थ आहे, असे खाणारा आणि वाढणारा दोघेही धरून चालतात. घरातही समज तोच. बुधवारी किंवा शुक्रवारी कामावरून परतताना चार तुकड्या घ्यायच्या, अर्ध्या तासात तळून ताटात वाढायच्या, आणि पणजीच्या काळापासून हे असेच चालत आले आहे असे मानायचे. माझे म्हणणे असे की आज आपण खातो त्या रूपात हा पदार्थ फार जुना नाही. त्याची घडण कोकणच्या किनाऱ्यापेक्षा मुंबईच्या गिरणगावात अधिक झाली असावी. तो झटपट होतो हाही योगायोग नव्हे. ज्यांच्याजवळ वेळ, जागा आणि जळण तिन्ही बेताचे होते, त्यांच्या गरजेतून त्याला हे वळण मिळाले.

आधी त्यातले जिन्नस तपासू. रंग आणि तिखटपणा मिरचीचा. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर सोळाव्या शतकात ती या किनाऱ्यावर रुजली. त्याआधी तिखटासाठी मिरी, पिंपळी, आले आणि तिरफळ होते. तिरफळ बांगड्याच्या कालवणात आजही टिकून आहे, तळणीत मात्र त्याला जागा नाही. ही लहानशी गोष्ट मला बोलकी वाटते: जुना मसाला जुन्या पदार्थाजवळच राहिला. तेलाचेही तसेच. किनाऱ्यावर खोबरेल होते. पण शेंगदाणा, जो मिरचीसारखाच समुद्रापलीकडून आला, त्याचे तेल मुबलक होऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लागवड वाढत गेल्यावर. राहता राहिला रवा. कोकणच्या जांभ्या मातीत आणि चार महिन्यांच्या पावसात भात येतो, नाचणी येते. गहू हे तिथले पीक नव्हे. तो घाटावरून यायचा आणि शिऱ्यासाठी, पुरणपोळीसाठी राखून ठेवला जायचा. सणाचे धान्य रोजच्या माशाला फासण्याची चैन साध्या घराला परवडणारी नव्हती. या जिन्नसांत आंबटासाठी लावायच्या एकट्या कोकमानेच काय तो मूळचा हक्क सांगावा, कारण ते सह्याद्रीचेच.

यावर पहिला आक्षेप अभ्यासू वाचक घेईल आणि तो वजनदार आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, या त्यातल्या उल्लेखामुळे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो चांगला परिचित आहे. त्याच ग्रंथाच्या अन्नविषयक भागात माशाची एक कृती येते. मासे कापून धुवायचे, चिंचेच्या कोळाबरोबर शिजवायचे, वर गव्हाचे पीठ भुरभुरवायचे, तापलेल्या तेलात तांबूस होईतो तळायचे आणि मग सैंधव, वेलदोडा व मिरी यांची पूड घालायची. आंबट, पिठाचे कवच, तळण आणि मसाला, सगळे मिरची येण्याच्या चारशे वर्षे आधी! मग नवे ते काय राहिले? मला वाटते, बरेच राहिले. हा राजाचा मुदपाकखाना आहे, आणि कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, समुद्रापासून कितीतरी दूर, दख्खनच्या पठारावर. गहू तिथे हाताशी होता आणि तेलाची मोजदाद कोणी करत नव्हते. शिवाय कृतीचा क्रम पाहा. तिथे मसाला तळून झाल्यावर वरून पडतो. आपल्या तुकडीत तो आत, मांसाला चिकटून असतो आणि त्याच्यावर रवा येतो. मिरचीची पूड उघड्या तव्यावर चटकन करपते, कडवट होते. रव्याचा थर तेलाची आच स्वतःवर घेतो आणि खालचा मसाला नुसता शिजतो. मिरचीच्या मसाल्यालाच असे पांघरूण लागते. तेव्हा ‘मानसोल्लास’ एवढेच सिद्ध करतो की पीठ लावून मासा तळण्याची युक्ती जुनी आहे. ती सामान्य घरात रोजची कधी झाली, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर राजाच्या ग्रंथात सापडणार नाही.

सामान्य घराचा हिशेब कालवणाचा होता. दोन बांगडे नारळाच्या रसात पडले की पातेलेभर कालवण होते आणि भाताच्या ढिगाबरोबर घरची सगळी पाने उठतात. मासा कमी पडला तर रस वाढवता येतो. तळलेली तुकडी वाढवता येत नाही. पाच तुकड्या म्हणजे पाचच माणसे. म्हणून मधल्या तुकड्या तळायच्या त्या पाहुण्याला, जावयाला, नाहीतर मुंबईहून आलेल्या कर्त्या पुरुषाला. डोके आणि शेपटी कालवणात, आणि कालवण बाकीच्यांना. कोणाच्या पानात तुकडी पडते यावरून घरातले मान ओळखता यायचे, आणि त्यात बायकांचा क्रमांक बहुधा शेवटचा. तळण ही कोकणात अनोळखी गोष्ट नव्हती, पण ती रोजची नव्हती. रोजची व्हायची तर मोजून वाढणे ज्याला अडचण वाटत नाही, उलट सोयीचे वाटते, असा कोणीतरी स्वयंपाक करणारा हवा होता.

असा स्वयंपाक करणारी गिरणगावात होती, खानावळवाली. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ मध्ये उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी हा सारा पट्टा भोंग्यावर चालू लागला. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासकट, हजारो पुरुष इथे आले. बायकापोरे गावी, मनीऑर्डर गावी, आणि इथे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा जण. यांचे जेवण करणाऱ्या बहुतेक बायका त्यांच्याच मुलखातल्या. कोणी विधवा, कोणी टाकलेली, कोणाचा नवरा गिरणीतच. महिन्याच्या बोलीवर जेवण, हिशेब पगाराला. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले ते याच बायकांची सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून. अशा हिशेबात कालवणापेक्षा तुकडी सरळ. माणशी एक, कोणाला जास्त हवी तर तिचे निराळे पैसे, भांडणाला जागा नाही. कालवण सकाळीच करून ठेवता येते. पाळी सुटली की माणसे एकदम येतात, आणि तेव्हा तव्यावरून थेट ताटात पडणारी गरम तुकडीच ‘आज काहीतरी जेवलो’ असे वाटायला लावते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. वेळ खाणारे मटण रविवारकडे गेले, ते आजतागायत तिथेच आहे. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्यांचे वार वगळले तर कामाच्या दिवसांतले बुधवार-शुक्रवार उरतात, आणि त्या दिवशी हवे ते लवकर होणारे. खोलीत एक शेगडी, पुढे रॉकेलचा स्टो. कढईभर तेल तापवण्याची ऐपत नाही. पसरट लोखंडी तवा, दोन पळ्या तेल, एका वेळी सहा तुकड्या. पापलेटासारखे मऊ मांस नुसते टाकले तर तव्याला धरते आणि उलथताना मोडते. मोडलेली तुकडी खानावळीत वाढता येत नाही. रवा वरचे पाणी शोषतो, तुकडीला अंग देतो, कडा सुटू देतो आणि पातळ तुकडीही पानात भरदार दिसते. हे शेवटचे कारण कोणी उघड सांगणार नाही, पण ते खरे असावे.

या झटपटपणाचे श्रेय एकट्या तव्याला देऊन चालणार नाही. संध्याकाळी दहा मिनिटांत मासा तयार होतो, कारण चैत्र-वैशाखात कोणीतरी दिवसच्या दिवस राबलेले असते. मिरच्या उन्हात वाळवायच्या, देठे काढायची, धणे-बडीशेप-दगडफूल वेगवेगळे भाजायचे, मग कुटून आणायचे. लालबागच्या मिरची गल्लीत आजही त्या दिवसांत मसाला भाजणाऱ्यांची आणि कांडप यंत्रापुढे थांबलेल्या बायकांची गर्दी असते. हवेत तिखटाचा खकाणा इतका की वाटसरू शिंकत पुढे जातो. मालवणी मसाला, आगरी-कोळी मसाला, ईस्ट इंडियनांचा बाटली मसाला, सगळे वर्षाचे एकदम. पाट्यावर रोज वाटण वाटणाऱ्या बाईची ती मेहनत उन्हाळ्यात एकगठ्ठा उरकली जाते आणि वर्षभर चमच्याने खर्च होते. पाकिटातला ‘फिश फ्राय मसाला’ आला तेव्हा त्याने वेगळे काही केले नाही. तोच साठवलेला श्रम कारखान्याकडे नेला.

रव्याबद्दल माझा पुरावा परिस्थितीचा आहे, हे मान्य करून पुढे जातो. भातखाऊ मुंबईकराच्या घरात गहू शिरला तो मुख्यतः टंचाईच्या वाटेने. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथला तांदूळ बंद झाला, आणि १९४३ पासून मुंबईत रेशनिंग आले. पुढे पीएल-४८०चा अमेरिकन गहू रेशनच्या दुकानांत आला. ज्या घरांत गहू सणाचा होता तिथे तो नाइलाजाचा झाला, आणि त्याच्याबरोबर पिठाच्या गिरणीतला रवाही नित्याचा. तांदळाच्या पिठीत घोळवण्याची जुनी रीत कायस्थ प्रभू, सारस्वत अशा घरांत आजही आहे; तिचा थर पातळ आणि कडक होतो, रव्याचा जाड आणि कुरकुरीत. गोव्यात पोटॅटो चॉप आणि कटलेट रव्यात घोळवून तळतात. हे उघडच युरोपी पद्धतीच्या पावाच्या चुऱ्याचे देशी रूप आहे, आणि तिथून ही सवय माशावर आली असेल तर नवल नाही. दुसरा आक्षेप कोळ्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणाऱ्यांनी मासा तळला नसेल, असे कोण म्हणेल? तळलाच. पण त्यांची रीत पाहा: हळद, मीठ, लसूण, मसाला, फार तर चिमूटभर तांदळाचे पीठ, आणि थेट तव्यावर. ज्यांना मासा सर्वांत जास्त कळतो त्यांना कवचाची गरज भासली नाही, कारण तो होडीतून नुकता उतरलेला असतो, त्याचे मांस घट्ट असते. जाड कवच हवे ते प्रवास करून आलेल्या माशाला. आणि कोळ्यांच्या वस्तीचे नाव मिरवणारे ‘कोळीवाडा’ तळण तरी कोळ्यांचे कुठे आहे? फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात वसलेल्या पंजाबी निर्वासितांनी बेसन-ओव्याचे आपले अमृतसरी तळण इथल्या कोलंबीला लावले. मुंबईचे ‘पारंपरिक’ मासे असे घडतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, फक्त पणजीचे नाव मध्ये आणू नये.

प्रवास करून आलेला मासा हे बर्फाचे आणि इंजिनाचे अपत्य. शिडाची होडी रोजच्या रोज परतायची. घाटावर जायचे ते सुके बोंबील, सुकट आणि खारा मासा. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिने बसली, बर्फ कारखाने निघाले, नाव चार-चार दिवस समुद्रात राहू लागली आणि ताजा म्हणून विकला जाणारा मासा पुण्या-नाशिकपर्यंत पोचला. १९५५ मध्ये बर्मा-शेलने मुंबईत सिलिंडरमधला गॅस आणला. तो जसजसा घरोघर गेला तशी खानावळीतली तुकडी मध्यमवर्गाच्या ओट्यावर आली. १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, खानावळींची गिऱ्हाइके पांगली, पण पदार्थ मात्र वातानुकूलित उपाहारगृहांत चढला आणि ‘अस्सल मालवणी’ झाला. आता कवचाखालचा मासा बदलतो आहे. बिनकाट्याच्या तुकडीसाठी पुष्कळ ठिकाणी बासा वापरतात, तळ्यात वाढवलेला, गोड्या पाण्यातला, जवळजवळ बिनचवीचा. न्यू जर्सीच्या मराठी घरात त्याच रव्याखाली तिलापिया किंवा कॉड असतो. चव सगळी मसाल्याची, म्हणून चालून जाते. पापलेटाचे तसे नाही. २०२३ मध्ये त्याला राज्यमाशाचा मान मिळाला, सातपाटीच्या मच्छीमारांची ती जुनी मागणी होती. आणि ती मागणी मानापेक्षा पिल्ले मारली जातात या तक्रारीतून आलेली होती. ताटात मावेल असे अख्खे पापलेट रव्यात तळून द्यायचे तर ते लहानच लागते, आणि तेवढ्या आकाराचे पापलेट पुष्कळदा एकदाही अंडी न घातलेले असते.