मोर्तब ते ई-फेरफार : सामाईक दस्तऐवजाच्या ‘कुलपा’चा इतिहास

प्रस्तावना :
महाविद्यालयातील गुणतक्ता किंवा मूल्यांकन अहवाल क्लाउडवर ठेवला की अनेक प्राध्यापक एकच संचिका हाताळतात. दोघांनी एकाच वेळी दुरुस्ती केली तर एकाचे काम पुसले जाण्याची भीती असते. यासाठी संचिका ‘लॉक’ करण्याची सोय असते. एकजण लिहीत असताना इतरांना ती केवळ वाचता येते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेबडॅव्ह’ या इंटरनेट मानकात अशा कुलपाची व त्याच्या मुदतीचीही तरतूद होती. परंतु हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. मराठी दप्तर परंपरेच्या आधारे त्याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मोर्तब :
मराठेशाहीतील मोडी पत्रांच्या अखेरीस मोर्तबाचा शिक्का उमटवीत. येथे मजकूर संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हा त्याचा अर्थ. ‘लेखनसीमा’ हा शब्दही तेच सांगतो. लांब कागदांच्या जोडांवर मागील बाजूस शिक्के करीत. मात्र हे कुलूप कायमचे होते. पूर्ण झालेल्या पत्रास ते पुरेसे होते. सतत बदलणाऱ्या जमिनीच्या नोंदीस ते उपयोगी पडणारे नव्हते.

गावदप्तर :
उमरखेडचा परिसर निजामाच्या वऱ्हाडात होता. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १९०५ साली पुसद तालुक्यासह हा भाग यवतमाळ जिल्ह्यास जोडला गेला. गावचे दप्तर पटवाऱ्याच्या हाती असे. लिहिणारा तोच व राखणाराही तोच असल्यामुळे दप्तराची किल्ली ही गावातील मोठी सत्ता होती.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० ने या सत्तेस मर्यादा घातली. तलाठी, म्हणजे आजचा ग्राम महसूल अधिकारी, बदल प्रथम फेरफार नोंदवहीत लिहितो. चावडीवर सूचना लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते व हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते; चौकशी करून नोंद प्रमाणित किंवा रद्द केली जाते. हस्तलिखित सातबाऱ्यावर तोपर्यंत नोंद पेन्सिलीने असे व प्रमाणित झाल्यावर ती शाईने लिहीत. जुने नाव खोडीत नसत, त्यास कंस करीत. त्यामुळे कोणाचा हक्क कोणत्या फेरफाराने गेला, हे मागाहूनही वाचता येई.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ई-फेरफार प्रणालीतही नोंद घेणारा व ती प्रमाणित करणारा वेगळाच राहिला. साधन बदलले, तत्त्व टिकले.

निष्कर्ष :
सातबाऱ्यावरील एक नाव चुकीने कंसात गेले तर विधवेचा वारसाहक्क आणि शेतकऱ्याचे पीककर्ज अडते. म्हणून कुलूप असणे पुरेसे नाही. ते कोणी लावले हे सर्वांना दिसावे, त्यास मुदत असावी, हरकतीस वाव असावा आणि जुनी नोंद वाचनीय राहावी. या चार अटी नसतील तर संचिकेचे कुलूप म्हणजे पटवाऱ्याच्या दप्तराची जुनीच किल्ली ठरेल. आपल्या विभागांच्या सामाईक संचिकांसाठी नियम ठरविताना गावदप्तराचा हा अनुभव मार्गदर्शक ठरावा.