हरलेला पुढारी, उरलेली योजना

ज्याने आपल्या हिताचा कायदा केला, त्यालाच मतपेटीतून घरी पाठवायचे, हा लोकशाहीचा एक जुना आणि चमत्कारिक खेळ आहे. असे काही घडले की शहाणीसुरती माणसे ‘लोक अडाणी आहेत’ एवढा निकाल देऊन मोकळी होतात. मला हा निकाल कधीच पटला नाही. लोक असे का वागतात हे समजून घ्यायचे, तर एखादी घडलेली हकीगत सालवार पाहावी. म्हणून दिवाळीच्या या निवांतपणी मी वाचकांना जरा दूर, कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात घेऊन जाणार आहे.

हा गव्हाचा मुलूख. नजर पोहोचेल तिथवर सपाट शेते, एकमेकांपासून लांब लांब वसलेली घरे आणि हाडे गोठविणारा हिवाळा. अशा ठिकाणी डॉक्टर टिकावा कसा? १९१४ साली सार्निया नावाच्या एका ग्रामीण पालिकेने वर्षाला १५०० डॉलर देऊन स्वतःचा डॉक्टरच नेमला. दोन वर्षांनी कायद्यानेही या रीतीला मान्यता दिली. म्हणजे सर्वांनी मिळून दवाखान्याचा खर्च उचलावा, ही कल्पना तेथील शेतकऱ्यांना परकी नव्हती. पुढे १९३० नंतर मंदी आणि अवर्षण बरोबरच आले. पीक गेले, डॉक्टरांची बिले थकली, आणि आजारपण म्हणजे कर्ज हे समीकरण घरोघर ठाऊक झाले.

याच मुलखात टॉमी डग्लस यांचे नाव पुढे आले. जन्म स्कॉटलंडचा, १९०४ चा. लहानपणी हाडाच्या विकाराने त्यांचा पाय कापावा लागणार होता. घरी पैसा नव्हता. विनिपेगमधील एका शल्यविशारदाने, आपल्या विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या निमित्ताने, फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. मुलाचा पाय राहणे न राहणे हे बापाच्या खिशावर किंवा डॉक्टरच्या मर्जीवर का असावे, हा प्रश्न त्यांच्या मनातून पुढे गेला नाही. ते धर्मोपदेशक झाले, मग राजकारणात शिरले आणि १९४४ साली प्रांताचे पंतप्रधान झाले. १ जानेवारी १९४७ पासून त्यांनी प्रांतातील सर्वांसाठी रुग्णालय-विमा सुरू केला. १९६० ची निवडणूक त्यांनी डॉक्टरांच्या सेवेचाही असाच विमा करण्याच्या मुद्द्यावर लढविली आणि जिंकली. १९६१ च्या नोव्हेंबरात कायदा संमत झाला.

त्याच सुमारास डग्लस देशाच्या राजकारणात उतरले आणि प्रांताची सूत्रे वुड्रो लॉइड यांच्याकडे आली. पण १८ जून १९६२ रोजी, कायदा अमलात येण्याच्या अवघ्या तेरा दिवस आधी, संसदेच्या निवडणुकीत डग्लस पडले. आणि तेही रेजायनात, ज्या राजधानीतून त्यांनी सतरा वर्षे प्रांताचा कारभार पाहिला तेथेच! १ जुलैला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टरांनी दवाखान्यांना टाळे लावले. संप तेवीस दिवस चालला. पहिल्याच दिवशी आजारी तान्ह्या मुलाला घेऊन डॉक्टर शोधत निघालेल्या एका कुटुंबाचे मूल वाटेत दगावले. आणि तरी संतापाचा रोख सरकारवर होता. ‘आमचे डॉक्टर राखा’ अशा नावाच्या समित्या गावोगाव निघाल्या, आणि त्यांच्या आघाडीवर होत्या मुलाबाळांच्या आया!

वर्षाला माणशी १२ डॉलर, कुटुंबाला २४ डॉलर, एवढ्या वर्गणीत डॉक्टर मिळणार होता. मग या आया विरोधात का?

मला वाटते, त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही कदाचित तेच केले असते. घरचा डॉक्टर हा हाडामांसाचा माणूस. त्याच्या हातून आपली बाळंतपणे झालेली, मध्यरात्री बर्फातून तो आलेला. योजना मात्र कागदावरची. तो डॉक्टर जेव्हा सांगतो, ‘सरकार तुमच्या माझ्यामध्ये येणार, मला प्रांत सोडावा लागेल,’ तेव्हा बाई कायद्याची कलमे वाचत बसत नाही. तिला तापाने फणफणलेले मूल आणि बंद दार दिसते. उद्याच्या लाभापेक्षा आज हातचे जाण्याची धास्ती नेहमीच मोठी. शिवाय अनेक कुटुंबांनी डॉक्टरांच्याच विमासंस्थांत आधी पैसे भरलेले होते. त्यांना वाटे, आपले चालले आहे ते काय वाईट? ज्यांच्यापाशी काहीच नव्हते, त्यांचा आवाज सभांतून उमटत नव्हता.

लॉइड डगमगले नाहीत. ब्रिटनमधून डॉक्टर आणविले गेले. लॉर्ड टेलर या तिकडच्याच डॉक्टर-गृहस्थांनी मध्यस्थी केली. २३ जुलैला सस्कटून येथे समेट झाला. डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत, प्रत्येक तपासणीचे पैसे त्यांना मिळतील, आणि रोग्याने हवा तो डॉक्टर निवडावा, असे ठरले. दवाखाने उघडले. ओळखीचा डॉक्टर ओळखीच्याच खुर्चीत दिसू लागला आणि भीतीला जागा उरली नाही.

तरीही १९६४ मध्ये लॉइड यांचा पक्ष हरला. न्यायाने बोलायचे तर सारे खापर योजनेवर फोडता येणार नाही. वीस वर्षांच्या राजवटीचा लोकांना कंटाळा येतोच, आणि मतांच्या टक्केवारीत दोन्ही पक्ष जवळजवळ बरोबरीत होते. पण यापुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. निवडून आलेल्या रॉस थॅचर यांनी ती योजना मोडली नाही. मोडण्याची सोय उरलीच नव्हती. १९६८ मध्ये त्यांनी रोग्यावर थोडी जादा फी बसविली. ती लोकांना झोंबली. १९७१ साली त्यांचे सरकार गेले आणि नव्या सरकारने ती फी काढून टाकली. ज्या लोकांनी योजना येताना आरडाओरडा केला, तेच आता तिच्या राखणीला बसले होते.

‘गरज सरो, वैद्य मरो’ अशी आपल्याकडे म्हण आहे. सस्कॅचेवानात वैद्य राहिला, औषधही राहिले. गेला तो औषधाची सोय करणारा. नळाला पाणी येऊ लागले की नळ आणणाऱ्याची आठवण कोण काढतो? सोय अंगवळणी पडली की ती कोणाची देणगी राहत नाही, ती आपला हक्क होते. मला तर वाटते, सुधारणा मुरल्याची खूण हीच. लोकांचे भले करू पाहणाऱ्याने त्यांच्या भीतीला अडाणीपणा म्हणू नये, आणि आभाराची वाटही पाहू नये.

डग्लस यांना उशिरा का होईना, आभार मिळाले. त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, २००४ मध्ये, दूरचित्रवाणीवरील एका लोकमतात कॅनडाच्या जनतेने त्यांना देशातील सर्वश्रेष्ठ माणूस ठरविले. लॉइड यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १९७२ पर्यंत कॅनडाच्या साऱ्या प्रांतांनी आणि प्रदेशांनी ही योजना स्वीकारली, आणि तेवीस दिवस ती एकट्याने सांभाळणारे लॉइड त्याच वर्षी मायदेशापासून दूर, सेऊल शहरी, वारले.