काचसफाईचा धंदा आणि पाण्याचे मीटर : बिल कसे वाचावे, खर्च कसा आवरावा

दुकानांच्या काचा, ऑफिसांच्या खिडक्या, टॉवरच्या काचेच्या भिंती पुसण्याच्या कामात आपल्या मोहल्ल्यांतली बरीच मुले उतरली आहेत. भांडवल कमी लागते. वायपर, मॉप, बादली, शिडी, शांपू घेतले की धंदा सुरू. मजुरी, पेट्रोल, शांपू यांचा हिशेब सगळे ठेवतात, पाण्याचा मात्र कोणी ठेवत नाही. पाणी फुकटच आहे असे धरून चालतात आणि मग व्यापारी मीटरचे पहिले बिल हातात पडले की डोळे उघडतात. हा लेख अशा धंदेवाल्यांसाठी आणि घरात त्यांचे हिशेब लिहिणाऱ्या बहिणी-मुलांसाठी आहे.

युनिट म्हणजे किती?

पाण्याच्या बिलातले एक युनिट म्हणजे १ किलोलिटर, म्हणजेच १,००० लिटर. यालाच घनमीटरही म्हणतात. मीटरवर साधारणपणे काळे आकडे पूर्ण युनिट दाखवतात आणि लाल आकडे किंवा छोटे लाल काटे त्याखालचे लिटर. गेल्या महिन्यात काळे आकडे ०४१२ होते आणि आज ०४३१ आहेत, तर वापर १९ युनिट, म्हणजे १९,००० लिटर. दर महिन्याच्या एकाच तारखेला मोबाईलवर मीटरचा फोटो काढून ठेवा. बिलावरचे मागचे आणि चालू रीडिंग त्या फोटोशी पडताळून पाहा.

बिलावर पाणी आकाराशिवाय मलनिस्सारण आकारही असू शकतो आणि तो बहुधा पाणी आकाराच्या टक्केवारीत असतो. म्हणजे पाणी वाचले की दोन्हीकडे वाचते. व्यापारी दर घरगुती दरापेक्षा कित्येक पट जास्त असतो. शिवाय दर एका जागी राहत नाहीत. मुंबई महापालिकेने २०१२ मध्ये पाण्याच्या दरात दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढ करता येईल असे ठरवून ठेवले आहे. तेव्हा वर्षभराचे कंत्राट घेताना आजच्या दरावर हिशेब मांडू नका.

एका कामाला किती पाणी लागते ते मोजा

अंदाजाने बोलण्यापेक्षा एकदा मोजून पाहिलेले बरे. १५ लिटरची बादली आणि मोबाईलचे घड्याळ घ्या, पाइप पूर्ण सोडा. बादली सव्वा मिनिटात भरली, तर तुमचा पाइप मिनिटाला १२ लिटर पाणी सोडतो.

आता एक दुकान धरू. बादली-मॉप-वायपरच्या पद्धतीने मध्यम आकाराच्या दुकानाला १२ लिटरच्या दोन बादल्या पुरतात, म्हणजे २४ लिटर. हेच काम पाइप सोडून केले आणि तो ४० मिनिटे चालू राहिला, तर ४८० लिटर. दिवसाला ८ दुकाने आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर बादलीवाल्याचे महिन्याचे पाणी ५,००० लिटरच्या आत, म्हणजे सुमारे ५ युनिट. पाइपवाल्याचे जवळजवळ १०० युनिट. हिशेबासाठी दर युनिटला ५० रुपये समजू (तुमच्या बिलावरचा खरा आकडा इथे घाला). एकाला २५० रुपये, दुसऱ्याला ५,०००. काच दोघांचीही तेवढीच चमकते!

पाइप अगदी वापरूच नये असे नाही. धूळ-चिखलाने माखलेली काच आधी ओली करावीच लागते, कोरडी घासली तर ओरखडे पडतात. पण त्यासाठी हाताने दाबायचा पंप किंवा पाइपच्या तोंडाला बंद करता येणारी नोझल पुरते. शांपूचेही तेच. बादलीत दोन झाकणे जास्त ओतली की फेस जातच नाही आणि तो धुवायला आणखी दोन बादल्या लागतात. थोडा शांपू, चांगल्या रबराचा वायपर, काठ पुसायला मायक्रोफायबर कापड. रबर झिजले की लगेच बदला. झिजलेल्या रबराने रेघा उठतात, मग पुन्हा पाणी, पुन्हा मेहनत.

कापडे आणि मॉप धुण्याचे पाणी सगळेच विसरतात. वरून कपडे टाकायचे मोठे मशीन एका फेरीला शंभर लिटरच्या आसपास पाणी घेते, समोरून उघडणारे साधारण त्याच्या निम्मे. रोज चार कापडांसाठी मशीन लावू नका. कापडे साठवून भरल्या मशीनने धुवा.

टँकर आणि जार

मीटरचे पाणी कमी पडले की टँकर बोलावतात. कोणते पाणी स्वस्त हे पाहायचे तर सगळे दर १,००० लिटरच्या मापात आणा. १०,००० लिटरचा टँकर २,००० रुपयांना पडला, तर युनिट २०० रुपयांना. २० लिटरचा जार ३० रुपयांना घेतला, तर युनिट १,५०० रुपयांना. टँकरचे पाणी बहुतेकदा बोअरचे असते आणि ते जड असते. काचेवर वाळले की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके राहतात. वायपरने पाणी ओढून घेतले तर ठिपक्यांचा प्रश्न फारसा येत नाही, नुसते धुऊन सोडले तर हमखास येतो.

उंच काचांसाठी आता लांब काठीच्या ब्रशमधून शुद्ध पाणी सोडायची पद्धत आली आहे. त्यात काच पुसत नाहीत, तशीच वाळू देतात. म्हणून पाण्याचा टीडीएस जवळपास शून्य हवा, १० च्या वर गेला तर डाग दिसू लागतात. इथे आरओ मशीन घेण्याआधी थांबा. आरओ १ लिटर शुद्ध पाण्यामागे १ ते ३ लिटर पाणी बाहेर टाकते आणि मीटर ते सगळे मोजतो. पाणी मुळातच मऊ असेल, जसे मुंबईत तलावांतून येणारे, तर नुसता रेझिनचा फिल्टर बऱ्याचदा परवडतो, त्यात पाणी वाया जात नाही. बोअरचेच पाणी असेल तर आरओशिवाय इलाज नाही. मग बाहेर पडणारे पाणी पिंपात धरा आणि कापडांची पहिली धुलाई, फरशी, संडास यांना वापरा. पावसाळ्यात पत्र्यावरून उतरणारे पाणी, पहिल्या एक-दोन सरी सोडून, काचेला उत्तम. त्यात क्षार नसल्यासारखेच असतात.

गळती

आमच्या ओळखीच्या दोन भावांचे बिल एका तिमाहीत दुपटीहून जास्त आले. मीटरच बिघडला असे त्यांनी धरले आणि अर्ज केला. निघाले काय, तर गाळ्याच्या टाकीचा बॉलकॉक अडकला होता आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून थेट गटारात जात होते. तीन महिने कोणी वर चढून पाहिले नव्हते. १० मिनिटांत १ लिटर गळणारा नळसुद्धा दिवसाला १४४ लिटर घालवतो, महिन्याला ४ युनिटहून जास्त.

तपासणी दोन भागांत करा, कारण आपल्याकडे पाणी ठराविक वेळच येते. पाणी आलेले असताना टाकीच्या तोंडचा व्हॉल्व्ह आणि सगळे नळ बंद करा. तरीही मीटरचा छोटा काटा फिरत असेल, तर गळती मीटर आणि टाकी यांच्यामध्ये आहे. टाकीनंतरच्या भागासाठी इशानंतर सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि फजरला पाहा. मधल्या वेळेत पाणी येणार असेल तर आवकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. पातळी उतरली असेल तर नळ, जोडण्या किंवा फ्लश तपासा.

आणखी एक गोष्ट. पाणी सुरू होताना पाइपात साठलेली हवा जोराने पुढे ढकलली जाते आणि तीही मीटर फिरवू शकते. असा संशय असेल तर एअर व्हॉल्व्ह बसवण्याबद्दल परवानाधारक प्लंबरला विचारा. मीटर बंद पडला असेल तर सरासरीने बिल येते आणि ते नेहमी आपल्या फायद्याचे नसते. तक्रार लेखी द्या, फोटो जोडा, पोच घ्या. तोंडी सांगण्याला काही अर्थ नाही.

कोणाच्या नळाचे पाणी?

हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घराच्या नळावर धंद्याची पिंपे भरणे हा घरगुती जोडणीचा व्यापारी वापर होतो. पकडले गेले तर व्यापारी दर आणि दंडही लागू शकतो. सोसायटीत मीटर एकच असेल, तर तुमच्या पिंपांचे पैसे शेजारच्या बेवाकडूनही जातात. तिची परवानगी कोणी घेतली?

दुसरी सवय मशिदीच्या हौदावर किंवा नळावर बादल्या भरण्याची. लोक म्हणतात, अल्लाहच्या घरचे पाणी आहे. पण ते पाणी नमाजींच्या वुजूसाठी वक्फ असते आणि त्याचे बिल चंद्यातून भरले जाते. धंद्यासाठी ते घेण्याआधी मुतवल्लींशी बोला आणि मसला आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा. रसूलुल्लाह (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे सुमारे पाऊण लिटरमध्ये, वुजू करत असत, हे हदीसमध्ये आले आहे. आपण त्याच नळावर पंधरा लिटरचे पिंप लावतो.

ग्राहकाच्या जागेवर काम असेल तर पाणी कोणाचे, हे कोटेशनमध्येच लिहा. 'पाणी व वीज ग्राहकाकडून' एवढी ओळ असली की वाद होत नाही. पाणी तुम्ही आणणार असाल तर त्याची रक्कम वेगळी दाखवा. मोठ्या इमारतीच्या कामात, जिथे गच्चीवरच्या टाकीतून पाणी घेतात, तिथे सुरुवातीचे आणि शेवटचे रीडिंग सेक्रेटरी किंवा वॉचमनसमोर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पुढे सोसायटीचे बिल फुगले तर बोट काचसफाईवाल्याकडेच दाखवले जाते, तेव्हा हा कागद कामाला येतो.

हिशेबाला शंभर पानी वही पुरते. तारीख, काम, किती बादल्या, पाणी कुठले, किती रुपये, असे पाच रकाने पाडा. तीन महिने असे लिहिले की कोणत्या ग्राहकाचे काम तोट्यात चालले आहे ते वहीच दाखवते. त्या ग्राहकाला पुढचे कोटेशन देताना वही सोबत न्या.