खाडीच्या अलीकडचा अंधार

2008 सालच्या आसपास संध्याकाळच्या विरार लोकलने भाईंदर सोडलं, की थोड्याच वेळात गाडी खाडीच्या पुलावर यायची. मागे भाईंदरच्या बिल्डिंगा दिव्यांनी भरलेल्या आणि पुढे नायगाव-वसईच्या बाजूला बऱ्याचदा काळोख. गाडीत मात्र ट्यूब आणि पंखे चालूच. विरारला उतरलं की स्टेशन झगमगीत आणि स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर जनरेटरचा खडखडाट. माझं शाळेचं वय होतं. खाडीच्या त्या बाजूला लाइट जात नाही आणि आपल्याकडे जाते, हे मला भरती-ओहोटीसारखं नैसर्गिक वाटायचं.

ते नैसर्गिक अजिबात नव्हतं. मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी 1929 साली एक कंपनी निघाली, बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस. तिची हद्द वाढत वाढत मीरा-भाईंदरपर्यंत आली आणि खाडीशी थांबली. पुढे कंपनीचे मालक बदलले, आधी रिलायन्स, मग अदानी. हद्द तीच राहिली. खाडीच्या उत्तरेला 1960 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि 2005 नंतर त्यातून निघालेली महावितरण. रेल्वेची तिसरीच गोष्ट. बोरिवली ते विरार मार्गाचं विद्युतीकरण 1936 सालचं आणि गाड्यांची वीज वेगळ्या वाटेने येणारी. त्यामुळे एकाच संध्याकाळी, एकाच ठिकाणी, गाडी उजेडात आणि गाव अंधारात असू शकायचं.

हे सगळं शोधायचं कारण अगदी साधं. आमच्या सोसायटीत बॅकअपचा विषय निघाला आणि "तू इंजिनिअर आहेस ना" म्हणत कोटेशनांचा गठ्ठा माझ्या हातात आला. मी सॉफ्टवेअरवाला, हे सांगून उपयोग नव्हता. त्यात मित्रांचा ग्रुप कॅम्पिंगसाठी छोटा जनरेटर घ्यावा म्हणून मागे लागलेला. केव्हीए, अँपिअर-अवर, लिटर असे आकडे वाचता वाचता लक्षात आलं, की यातला प्रत्येक डबा कुठल्या ना कुठल्या सार्वजनिक निर्णयाचं उत्तर म्हणून घरात आलेला आहे. कुठला डबा घ्यायचा हे ठरवायला तो निर्णय कळलेला बरा.

तंबूतला डायनॅमो

महाराष्ट्रात वीज सोबत घेऊन फिरण्याची सवय कॅम्पिंगवाल्यांच्या फार आधीची. ज्या गावात वीज पोचलेली नव्हती तिथे सिनेमा पोचला होता. जत्रेत तंबू ठोकायचा, प्रोजेक्टर लावायचा आणि लांब आडोशाला इंजिनावर डायनॅमो चालवायचा. इंजिन लांब ठेवायचं कारण आजही तेच आहे, आवाज आणि धूर. मोठ्या तमाशाच्या फडांनीही गॅसबत्तीच्या जागी पुढे जनरेटर घेतला.

हे इंजिन इथलंच होतं. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात 1930च्या दशकात डिझेल इंजिनं बनू लागली. हेच कूपर 1937 साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून नांगर आणि पंप निघत होते. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. ही इंजिनं मुख्यतः विहिरीवर पाणी उपसायला बसली. डिझेल इंजिन म्हणजे वीज येईपर्यंतची सोय, असा त्या काळचा हिशोब. मंडळाची तार आली की इंजिन जाणार आणि त्या जागी मोटर बसणार.

कित्येक ठिकाणी तसं झालंही. नंतर मात्र तार असूनही वीज नसण्याचे दिवस आले आणि इंजिन परतलं. या वेळी ते विहिरीवर न बसता दुकानाच्या पायरीवर बसलं.

फूटपाथवरचा खडखडाट

हातात धरून नेता येईल असा जनरेटर होंडाने 1965 साली जपानमध्ये ई300 या नावाने आणला होता. आपल्याकडे तो सामान्य दुकानदाराच्या आवाक्यात आला तो 1980च्या दशकात. 1985 साली श्रीराम होंडा ही भागीदारी झाली, शिवाय बिर्ला यामाहाही आली. या छोट्या जनरेटरची खुबी म्हणजे तो पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि गरम झाला की रॉकेलवर चालायचा. दोरी ओढायची, दोन-तीन झटक्यांत इंजिन पकडलं की खटका फिरवायचा. रॉकेल स्वस्त होतं, कारण सरकार ते गरिबांच्या स्टोव्हसाठी स्वस्त ठेवत होतं. दुकानातल्या ट्यूबमागे अशी एक सबसिडी जळत असायची.

आवाजाचं तर विचारूच नका. पेट्रोल-रॉकेलच्या जनरेटरना 2002 साली 90 डेसिबल आणि 2003 साली 86 डेसिबल अशी मर्यादा आली. 2005 पासून बनणाऱ्या डिझेल संचांना, पेटीपासून एक मीटरवर 75 डेसिबल. सोसायट्यांच्या आवारात आज दिसणारे बंद पेटीतले जनरेटर त्या नियमातून आले आहेत.

नेमक्या याच वर्षांत महाराष्ट्राची वीज कमी पडत गेली. गुहागरजवळ अंजनवेलला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प होता. 1993 साली करार झाला, 1999 साली 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडू लागली, की मे 2001 मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं. त्याच डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. प्रकल्प 2006 साली पुन्हा सुरू होईपर्यंत तिथली यंत्रं गप्प होती. एकट्या दाभोळमुळे भारनियमन आलं असं म्हणता येणार नाही. पण त्या एकाच प्रकल्पावर भिस्त ठेवल्यावर दुसरी तजवीज पुरेशी झाली नाही आणि मागणी वाढत राहिली. 2005 नंतरच्या काही वर्षांत राज्याची तूट चार-पाच हजार मेगावॉटच्या घरात जायची.

मग अंधार कुणाच्या वाट्याला? त्यासाठी विभागांचे गट पाडले होते. ज्या विभागात वीजगळती जास्त आणि वसुली कमी, तिथे लाइट जास्त तास बंद. कंपनीच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध होतं. पण वेळेवर बिल भरणाऱ्यालाही त्याच फीडरवरच्या आकडेवाल्यासोबत अंधारात बसावं लागायचं. आणि मुंबई यात जवळपास नव्हतीच. तिथे वेगळ्या कंपन्या होत्या, टाटांची स्वतःची निर्मिती होती, शिवाय राज्याचं ग्रिड कोसळलं तर शहर त्यापासून तोडून चालू ठेवण्याची 'आयलंडिंग' यंत्रणा होती. 12 ऑक्टोबर 2020 ला ती यंत्रणाही कोलमडली आणि मुंबईत लोकल थांबल्या, तेव्हा देशभर बातमी झाली. खाडीच्या अलीकडे इतकी वर्षं रोज लाइट जायची, त्याची बातमी व्हायचं कधीच थांबलं होतं.

इन्व्हर्टर आला आणि ओरड थांबली

फ्लॅटमध्ये जनरेटर ठेवता येत नाही, म्हणून घराघरात इन्व्हर्टर आला. शांत, बिनधुराचा, कोपऱ्यात मावणारा. पण हिशोब करून पाहा. जनरेटर नवी वीज तयार करतो. इन्व्हर्टर लाइट असताना ग्रिडमधूनच वीज घेऊन साठवतो, आणि जुन्या पद्धतीच्या बॅटरीत साठवून परत काढताना तिचा मोठा भाग वाया जातो. म्हणजे तुटीच्या काळात लाखो इन्व्हर्टर तुटीतच भर घालत होते. प्रत्येक घराचा प्रश्न सुटत होता आणि सगळ्यांचा मिळून थोडा वाढत होता.

त्याहून मोठा बदल वेगळाच झाला. ज्यांचा आवाज वरपर्यंत पोचू शकत होता त्यांच्या घरी पंखा फिरू लागला. लाइट गेल्यावर गॅलरीत येऊन "तुमच्याकडे पण गेली का?" असं विचारणारी माणसं हळूहळू आतच राहू लागली.

पुण्याने काय केलं

2006 साली पुण्यात भारनियमन होतं, तेव्हा एक वेगळी कल्पना पुढे आली. कारखान्यांकडे स्वतःचे मोठे डिझेल जनरेटर होते आणि ते बराच वेळ नुसते उभे असायचे. उद्योजकांच्या संघटनेने, सीआयआयने, मांडलं की टंचाईच्या तासांत कारखान्यांनी आपले जनरेटर चालवावेत, ग्रिडमधून तेवढी वीज कमी घ्यावी आणि ती शहराला मिळावी. डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांच्या बिलात वेगळा आकार लावून वसूल करायचा. वीज नियामक आयोगाने सुनावणी घेऊन मंजुरी दिली आणि पुण्याचं भारनियमन त्या उन्हाळ्यात थांबलं. याला 'पुणे मॉडेल' म्हणतात.

यावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. पैसे मोजू शकणाऱ्या शहरांनी अंधारातून सुटायचं आणि खेड्यांनी बसायचं का? डिझेलच्या धुराचं काय? तरीही मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रश्न "माझ्याकडे जनरेटर आहे का" असा विचारला गेला नाही. "आपल्या सगळ्यांकडे मिळून किती जनरेटर आहेत, ते कधी चालवायचे आणि खर्च कुणी किती उचलायचा" असा विचारला गेला. आणि उत्तर बंद दाराआड ठरलं नाही, त्यावर जाहीर सुनावणी झाली.

पाणी आणि वारा

आता भारनियमन पूर्वीसारखं राहिलेलं नाही. वसई-विरारला आज भीती आहे ती पावसाची आणि वाऱ्याची. जुलै 2018 मध्ये सलग पावसाने वसई-नालासोपारा तुंबलं, लोकल बंद पडल्या, मिठागरांत वस्ती करून राहणारी माणसं पाण्यात अडकली. वीज उपकेंद्रांत पाणी शिरल्याने मोठ्या भागाचा पुरवठा बंद ठेवावा लागला. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, झाडं आणि खांब पडले आणि बऱ्याच भागांत दुसऱ्या दिवशीही वीज नव्हती. तो करोनाच्या दुसऱ्या लाटेचा महिना होता. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण 300 ते 400 वॉट घेतो आणि तो न थांबता चालावा लागतो. इन्व्हर्टर त्याला काही तास पुरतो, दोन दिवस नाही.

अशा वेळी मोबाइलही भरवशाचा नसतो. टॉवर आधी बॅटरीवर आणि मग डिझेल जनरेटरवर चालतो. डिझेल पोचवणारी गाडी पाण्यात अडकली की तुमचा पॉवर बँक शंभर टक्के भरलेला असून रेंज शून्य.

मग घ्यायचं काय?

घरासाठी: 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर 1,800 वॉट-अवर, हाती येतात साधारण 1,200. तीन पंखे, चार एलईडी, राउटर आणि लॅपटॉप मिळून 300 वॉटच्या आसपास, म्हणजे चार तास. जुने 70-75 वॉटचे पंखे काढून 30 वॉटचे बीएलडीसी लावले तर तीच बॅटरी बरीच लांब जाते. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. आणि बॅटरी तळमजल्यावर असेल तर जमिनीवर ठेवू नका, 2018 आठवा.

कॅम्पिंगसाठी: दिवे आणि फोन एवढंच असेल तर लिथियमचा पॉवर स्टेशन पुरे. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाऊन तिथे जनरेटर लावण्यात काही अर्थ नाही. पेट्रोल जनरेटर घेतलाच तर लक्षात ठेवा, 1 केव्हीए म्हणजे सहसा 800 वॉटच. आणि तो तंबूजवळ, बंद गॅलरीत किंवा जिन्याखाली कधीही चालवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. घराच्या वायरिंगला जोडायचा तर चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो.

सोसायटीसाठी: इथे वॉटपेक्षा माणसं मोजावी लागतात. लिफ्टची किंवा पंपाची मोटर सुरू होताना, साध्या स्टार्टरवर, नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढू शकते. म्हणून जनरेटर मोठा लागतो आणि खर्च वाढतो. आमच्या मीटिंगमध्ये पहिल्या मजल्यावरच्यांनी विचारलं, "आम्ही लिफ्ट वापरतच नाही, मग आम्ही का भरायचं?" सातव्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघे गेलेत, महिन्यातून दोनदा हॉस्पिटलला जावं लागतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. बऱ्याच फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर आहे. त्यामुळे घराबाहेरचा अंधार हा आता फक्त त्यांचा प्रश्न झाला होता.

मी तीन कोटेशनांचा तक्ता बनवला आहे: एक लिफ्ट आणि पाण्याचा पंप, एवढ्यापुरता सामाईक जनरेटर, घरातल्या एसीला जोडणी नाही. खर्चाचे दोन भाग केले आहेत. जनरेटरची किंमत सगळ्यांनी सारखी भरायची, कारण टाकीत पाणी सगळ्यांनाच लागतं. डिझेलचा खर्च मजल्याप्रमाणे कमी-जास्त. जिथे ठेवायचा तो ओटा 2018च्या पाण्याच्या खुणेपेक्षा उंच बांधायचा. खूण पार्किंगच्या भिंतीवर अजून आहे. पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. तक्त्याच्या वर मी पुण्याची ही गोष्ट पाच ओळींत लिहून ठेवली आहे, आकड्यांच्या आधी ती वाचून दाखवणार आहे.