डिझेलच्या पंपाला ‘मेंदू’ कसा मिळाला?

१/ पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही हातोडीने भांडी मठारली जातात. ठोक्याचा जोर कारागिराचा हात आणि कान ठरवतात. डिझेलचा पंपही दीर्घकाळ बऱ्याच अंशी असाच कानाने जुळवला जाई. तो अधिकार संगणकाकडे कसा गेला, त्याचा हा इतिहास.

२/ डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधन फवारताच ते पेटते. म्हणून प्रश्न दोनच : इंधन किती आणि केव्हा? १९२७ मध्ये जर्मनीच्या बॉशने अशा पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले.

३/ या पंपात कॅम दट्ट्याला वर ढकलतो. दट्ट्यावर तिरकी खाच असते. रॅक, म्हणजे दातेरी पट्टी, दट्ट्या किंचित फिरवते आणि इंधन कमी-अधिक होते. रॅक सरकवतो गव्हर्नर : वेगाने बाहेर फेकली जाणारी वजने आणि त्यांना आवरणारी स्प्रिंग.

४/ १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स यांच्या स्थापनेने पुणे डिझेलचे शहर झाले. ठरावीक वेगाने विहीर उपसणाऱ्या इंजिनाला हा गव्हर्नर पुरेसा होता. पेठांच्या अरुंद रस्त्यांत क्षणोक्षणी थांबणाऱ्या वाहनाचे तसे नव्हते. गरजेपेक्षा अधिक इंधन गेले की काळा धूर निघे आणि तो रहिवाशांच्या श्वासात जाई.

५/ इलेक्ट्रॉनिक पंपात वजनांची जागा विद्युतचुंबकाने घेतली. इंजिनाचा वेग, पॅडलची स्थिती, हवा व पाण्याचे तापमान सेन्सर कळवतात. संगणक त्यावरून इंधनाची मात्रा ठरवतो. पुढे झडपच विजेवर आली : ती मिटली की फवारा सुरू, उघडली की बंद.

६/ १९९७ मध्ये मोटारींत कॉमन रेल आली. पंपाकडे फक्त दाब निर्माण करण्याचे काम उरले. मात्रा आणि वेळ इंजेक्टर सांभाळू लागला. मुख्य फवाऱ्याआधी अल्पसा फवारा सोडता आल्याने डिझेलची खडखडही घटली.

७/ २००५ मध्ये पुण्यासह ११ शहरांत भारत स्टेज ३ आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली. निव्वळ यांत्रिक पंपाला या कसोटीवर टिकणे अशक्य झाले.

८/ यात गॅरेजमधील कारागिराचे स्थान बदलले. स्क्रू फिरवून, आवाज ऐकून पंप जुळवणाऱ्याला आता स्कॅनर हाती घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत लहान दुकानांना जड जाते. तरी दट्ट्या झिजला किंवा डिझेलमधील कचऱ्याने नोझल बिघडले, तर संगणक फार तर दोष दाखवतो. तो भाग उघडून दुरुस्त करायला आजही जाणता हातच लागतो.