मणिकर्णिकेचा राजा

आमचे आजोबा काशीत ब्रह्माघाटावरच्या मराठी वस्तीत कीर्तन करत. उत्तररंगाला हरिश्चंद्राचं आख्यान लावलं, की मेलेल्या मुलाला, रोहिदासाला, घेऊन राणी तारामती स्मशानात येते तिथे ते हमखास थांबत. श्रोत्यांना तिथे वर्णन लागत नसे. काशीकर ही कथा दक्षिणेकडच्या हरिश्चंद्र घाटाची मानतात. आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे मात्र शिंदे घाटाला लागून असलेल्या मणिकर्णिकेच्याच चिता येत.

एकनाथांनी आपलं भागवत 1573 साली याच काशीत पूर्ण केलं. त्यांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर. त्याने हरिश्चंद्राची कथा मराठी पद्यात आणली. ती कीर्तनकारांच्या तोंडून घरोघर गेली. म्हणून 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा मुक्या पडद्याची कुणाला अडचण झाली नसावी. पात्रं बोलत नव्हती, पण प्रेक्षकांना कथा पाठ होती. जेमतेम 3,700 फुटांचा तो चित्रपट मी कीर्तनाचंच अपत्य मानतो. पहिलं दृश्य रविवर्म्याच्या चित्रावरून बेतलेलं, राजाच्या भूमिकेत दत्तात्रय दाबके, तारामती झालेले अण्णा साळुंके, रोहिदास फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. काशीच्या राजपुत्राच्या खुनाचा आळ तारामतीवर येतो, राजा तिच्यावर शस्त्र उगारतो आणि शंकर प्रकट होतात. ही बरीचशी काशी दादरच्या बंगल्यात उभी राहिली होती.

खऱ्या काशीत दादासाहेब आले ते पुढे, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतल्या भागीदारांशी बिनसल्यावर. राज्य सोडून काशी गाठणारा राजा त्यांनी पडद्यावर आणला होता. आता स्वतःची कंपनी सोडून ते बायकामुलांसह इथे राहिले. चित्रपटाचं नाव नको झालं होतं. इथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. संपादक अच्युतराव कोल्हटकरांनी आपल्या 'संदेश' वृत्तपत्रातून त्यांना परत बोलावलं. 1922 मध्ये ते नाशिकला त्याच कंपनीत परतले. कोल्हटकरांचे हे उपकार मराठी माणसाने विसरू नयेत.

मणिकर्णिकेला लागून असलेला हा शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांनी 1830च्या सुमारास बांधवला. तो खचला, शेजारचं रत्नेश्वराचं मंदिर आजही कललेलं, वर्षातला बराच काळ गाभाऱ्यात गंगा घेऊन उभं आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी घाट पुन्हा बांधला 1937 साली. त्याच वर्षी दादासाहेबांचा शेवटचा आणि एकमेव बोलपट आला, 'गंगावतरण', कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला.

'हरिश्चंद्रा'ची उरलेली 1,475 फूट फिल्म पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. काही अभ्यासक ती 1917च्या दुसऱ्या आवृत्तीची मानतात. कुठली का असेना, काशीयात्रेला निघण्याआधी ती पाहा, आणि मग शिंदे घाटावर या.