झेंड्याच्या काठीत लपलेला अँटेना

अमेरिकेतली एखादी नीटनेटकी कॉलनी डोळ्यांसमोर आणा. एका घरापुढे झेंड्याची उंच काठी आहे. कधी कधी ती काठीच अँटेना असते! घरमालक हॅम रेडिओवाला, म्हणजे रीतसर सरकारी परवाना काढून हौसेने जगाशी बोलणारा. मग लपवतोय कुणापासून? सोसायटीपासून.

तिथे तिला होमओनर्स असोसिएशन म्हणतात. घराच्या कागदपत्रांबरोबर तिचे नियम गळ्यात पडतात. गवत किती वाढू द्यायचं, रंग कुठला, आणि बऱ्याच ठिकाणी बाहेर अँटेना नाही म्हणजे नाही.

1985 मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने, पीआरबी-1 हा आदेश काढला: स्थानिक प्रशासनाने हॅमच्या अँटेनाची वाजवी सोय केलीच पाहिजे. पण खाजगी करार त्यातून वगळले. का? तर घर तुम्ही राजीखुशीने घेतलंत. आता जिथे बघावं तिथे असोसिएशनच असेल, तर राजीखुशी कसली?

खरी गंमत पुढे आहे. 1996 च्या दूरसंचार कायद्यानंतर एफसीसीनेच नियम केला, की स्वतःच्या जागेतली एक मीटरपर्यंतची टीव्हीची डिश असोसिएशनलाही अडवता येणार नाही. म्हणजे खाजगी करार बाजूला सारता येतो तर! सुरुवातीला फक्त टीव्ही बघणाऱ्यासाठी. हॅमचा अँटेना त्यात बसत नाही.

आणि हा अँटेना काही छोटा नसतो. 20 मीटर बँडवर बोलायचं तर साधी डायपोल तारही सुमारे 10 मीटर लांब लागते. कुणी ती माळ्यावर पसरतो, मग घरातल्या दिव्यांची आणि चार्जरची सगळी खरखर कानात. कुणी झाडातून बारीक तार ओढतो. आणि कुणी झेंड्याची काठी उभारतो, कारण 2006 मध्ये झालेल्या कायद्याने असोसिएशनला राष्ट्रध्वजावर सरसकट बंदी घालता येत नाही.

जानेवारी 2017 मध्ये प्रतिनिधिगृहाने हॅमच्या अँटेनासाठीचं 'अमॅच्युअर रेडिओ पॅरिटी' विधेयक मंजूर केलं, 2016 नंतर दुसऱ्यांदा. सिनेटमध्ये ते अडकलं. सप्टेंबरमध्ये मारिया वादळाने पोर्टो रिकोचे फोन आणि वीज दोन्ही तोडलं. तेव्हा रेड क्रॉसने हाक दिली ती याच हॅमवाल्यांना, आणि ते आपले रेडिओ घेऊन तिथे गेले.

विधेयकाचा मात्र कायदा झाला नाही.